हलवून बघणारे सर

आमचे सर खुर्चीवर कधी सरळ बसले नाहीत. आधी पाठ धरून खुर्ची पुढे-मागे हलवायचे, मग एका कोपऱ्यावर तळहाताने दाबायचे, मग वाकून खालचे पाय बघायचे. एवढं झालं की अर्धं अंग टेकवायचे. उरलेलं अर्धं, खुर्चीने जरा वेळ दम धरला की मग. प्राचार्यांच्या केबिनमध्येही हाच कार्यक्रम. "अहो सर, नवीन खुर्च्या आहेत," असं प्राचार्य एकदा म्हणाले, तेव्हा सर म्हणाले, "म्हणूनच. जुनीवर निदान कोणीतरी बसलेलं असतं."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडेल की नाही हे मला ठरवता येत नाही, आणि विचारायला गेले तर ते आधी मलाच दहा प्रश्न विचारतील. तसे तेही आम्हाला नावाने हाक मारत नसत. गावावरून मारायचे. मी डिंगोरे. आमच्यातला वेल्डिंग करणारा, ज्याच्या वडिलांचं जुन्नरला गेट-ग्रिलचं दुकान आहे, तो जुन्नर. आणि कांद्याच्या घरातला मुलगा आळे. "डिंगोरे, पाना आण. जुन्नर, तो जोड परत घासून दाखव." बाहेरच्या माणसाला वाटायचं, सर हजेरी नाही, एस्टीचे थांबे पुकारतायत.

आमचं कॉलेज हायवेला लागून आहे, मंचर आणि आळेफाट्याच्या मधे. मुख्य दारातून आत शिरलं की डावीकडे बाग, आणि बागेच्या कडेला सोनेरी रंगाचे लोखंडी गोळे ओळीने बसवलेले. ती शोभा नाही, आमच्या प्रयोगशाळेतली वजनं आहेत. तपासणी समिती येणार म्हणून एका वर्षी ती रंगवून सिमेंटमध्ये पक्की केली. समितीने बागेचं कौतुक केलं. प्रयोगशाळेत वजनं का नाहीत, हे कोणी विचारलं नाही. सर रोज सकाळी त्या गोळ्यांपाशी थांबायचे, एखाद्याला धरून हलवायचे आणि म्हणायचे, "कॉलेजात हे एकच काम पक्कं झालंय."

लोखंड किती भार सोसतं आणि कधी मोडतं, हा त्यांचा विषय. मला वाटतं तो त्यांना वर्गाबाहेरही सोडत नव्हता. लग्नाला गेले की नवरा-नवरीआधी मांडवाच्या खांबाला भेटायचे. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती असतात, घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या पट्ट्याच्या, कडेला लोखंडी पाइपांचं स्टेज बांधतात. एका वर्षी सर त्या स्टेजच्या खाली शिरून पाइप हलवत बसले. वर पुकारणारा गाड्यांची नावं घेत होता. त्याच्या पायाखालचं हलायला लागलं तसा माइकवरच ओरडला, "स्टेजखाली कोन हाय रं? बाहेर या पावणं, तितनं गाडा दिसत नाय!" सर शांतपणे बाहेर आले आणि म्हणाले, "दोन क्लॅम्प ढिले आहेत." तेही माइकवर गेलं. त्याबरोबर स्टेजवरची सगळी मंडळी खाली उतरली आणि शर्यतीपेक्षा जास्त गर्दी क्लॅम्प बघायला झाली.

असे सर आमच्या रेसकारच्या टीमला मिळाले. खरं म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायची आणि स्पर्धेत पळवायची, त्यावर एका शिक्षकाने सही करायची, असा तो प्रकार. सही म्हटल्यावर बाकीच्या सरांना अचानक परीक्षेची कामं लागली.

मी टीममध्ये आले ती चॅसीच्या कामासाठी. चॅसी म्हणजे गाडीचा पाइपांचा सांगाडा, ज्याच्यात चालवणारा बसतो आणि ज्याला बाकी सगळं जोडलेलं असतं. पुढे वजनाने हलकी आणि घरचा ट्रॅक्टर चालवलेली म्हणून गाडी चालवायलाही मलाच ठरवलं. मला फार आनंद झाला आणि लगेच भीती वाटली, कारण हे घरी सांगायचं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. फीचा दाखला, हॉस्टेलचा फॉर्म, सबमिशन, यातलं काहीही सांगितलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, "बरं," म्हणायचे. शर्यतीची गाडी म्हटल्यावर मात्र बरं म्हणाले नाहीत.

"ट्रॅक्टर वावरात चालतो. तितं पडलीस तरी ढेकळावर पडशील. ह्ये शर्यतीचं काय काढलंय?"

मी हे सरांना सांगितलं. म्हणून सर डिंगोऱ्याला आमच्या घरी आले. अंगणात बाज टाकलेली होती. आईने चहा आणला, "बसा की सर," म्हणाली, आणि सरांनी बाजेची चौकट धरून ती गदागदा हलवली. आईचा चेहरा मला अजून दिसतो.

"एक पाय आखूड आहे हिचा," सर म्हणाले.

"ठावं हाय," अण्णा म्हणाले. "म्हनून तर पावन्याला त्या अंगाला बसवत नाय आमी. हिकडं बसा."

सर सांगितल्या बाजूला बसले. अण्णांनी सरळ विचारलं, "सर, गाडी मोडली तर?"

मी मनातल्या मनात सरांना विनवत होते की नुसतं 'काही होत नाही' म्हणा. सगळे तेच म्हणतात.

"मोडू शकते," सर म्हणाले. "म्हणून ही बसायच्या आधी मी चॅसी पिळून बघणार. ती किती भाराला किती पिळते, ते मोजणार. आकडा खरा आणि पुरेसा असला तर सही करीन. नाहीतर नाही. आणि सही नसली तर हिने बसायचं नाही."

अण्णांनी एकदा बाजेच्या आखूड पायाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "सरांची सही असंल तर बस. दुसऱ्या कुनाची चालायची नाय."

सर गेल्यावर आई म्हणाली, "लई इचित्र मानूस. आल्या-आल्या बाज हलवली." त्यावर अण्णा म्हणाले, "ज्यो दुसऱ्याच्या घरात बाज हलवतो, त्यो खोटी सही करायचा नाय."

चॅसी तयार झाली. कॉम्प्युटरवर ती आधीच पास होती. स्क्रीनवर ती निळी-हिरवी दिसायची, कुठे लाल नाही, आणि आम्ही त्या चित्राचे फोटो स्टेटसला ठेवले होते. सर स्क्रीनला हात लावून म्हणाले, "हिला धरून हलवता येत नाही, हीच अडचण आहे."

चाचणी अशी असते. चॅसीची मागची बाजू जमिनीला बोल्ट केलेल्या चौकटीत घट्ट धरायची. पुढची बाजू मधोमध एका टेकूवर ठेवायची आणि तिला एक लांब आडवा बार बांधायचा. बारच्या एका टोकाला वजन टांगलं की ओला कपडा पिळावा तशी चॅसी पिळते. किती पिळली ते डायल गेज नावाच्या घड्याळासारख्या मापकाचा काटा सांगतो. वजन जेवढं वाढवाल तेवढा काटा पुढे जायला हवा. कमी पिळली तर चॅसी ताठ. ताठ असली की वळणावर गाडी ऐकते.

प्रश्न वजनांचा होता. आमची वजनं बागेत सोनेरी होऊन बसली होती. सरांनी प्राचार्यांकडे ती काढायची परवानगी मागितली. प्राचार्य म्हणाले, "सर, समिती परत येणार आहे."

तेव्हा आळे म्हणाला, "सर, घरून कांद्याच्या गोण्या आणू का? काट्यावर तोलूनच भरतो आमी. एक गोणी पन्नास किलो." सरांनी प्रत्येक गोणी हलवून बघितली, तोलून बघितली आणि मान डोलावली. आमच्या भागात वजन म्हटलं की कांदाच आठवतो, त्यामुळे यात काही विचित्र आहे असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही.

पहिल्या दिवशीचा आकडा बरा आला. बरा म्हणजे जेमतेम. सर म्हणाले, एका दिवसाचा आकडा म्हणजे अफवा, आठवडाभर रोज घ्या. सर परीक्षेच्या ड्यूटीवर मंचरला जात होते, त्यामुळे रीडिंग आम्हीच घ्यायचो. दुसऱ्या दिवशी त्याच गोण्या टांगल्या तर काटा कमी फिरला. तिसऱ्या दिवशी अजून कमी. म्हणजे आमची चॅसी रोज ताठ होत चालली होती! जुन्नर म्हणाला, वेल्डिंग मुरत असेल. लोणचं मुरतं हे मला माहीत होतं, वेल्डिंगचं माहीत नव्हतं, पण तो वेल्डिंगवाल्यांच्या घरातला, म्हणून मी ते मानलं. मला खरंच वाटलं की आपण काहीतरी मोठं केलंय.

ही बातमी प्राचार्यांना लागली. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, सरळ फ्लेक्स छापायला टाकला. फ्लेक्सवर संस्थेचे अध्यक्ष फेटा बांधून हसतायत, त्यांच्या खांद्यामागे प्राचार्य, आणि खाली कोपऱ्यात आमची गाडी, साधारण चप्पल ठेवतात त्या जागी. त्याच्याखाली शेवटच्या दिवशीचा आकडा, आणि 'ताठपणात दररोज वाढ'. अनावरणाचा कार्यक्रमही ठरला.

सर परत आले. त्यांनी आमचे आकडे वाचले, खूश झाले नाहीत. उठून वर्कशॉपमध्ये गेले आणि टांगलेली गोणी धरून हलवली. मग हॉस्टेलच्या मेसमध्ये गेले. आम्ही मागोमाग. मेसवाले मामा परातीत कांदा चिरत होते.

"मामा, कांदा कुठला?"

"तुमचाच की सर." मामा न लाजता म्हणाले. "वर्कशॉपात नुसताच टांगला व्हता. वाळून चालला व्हता बिचारा. पोरांचाच कांदा, पोरांच्याच पोटात. तुमच्या पयल्या चाचनीच्या आदल्या रातीपास्नं रोज थोडाथोडाच घेतो हां, सगळ्या गोन्यांतनं सारखा."

आठवडाभर आम्ही मेसमध्ये कांदाभजी खाल्ली होती आणि मामांचं कौतुक केलं होतं. चॅसी ताठ झाली नव्हती. भार आम्ही खाल्ला होता.

मला वाटलं सर ओरडतील. त्यांनी परातीतला एक कांदा उचलून हातात तोलला आणि म्हणाले, "यात चॅसीची काही चूक नाही." एवढंच. मग प्राचार्यांना जाऊन सांगितलं की फ्लेक्सवरचा आकडा भज्यांचा आहे, त्यावर मी सही करत नाही.

"सर, आता फ्लेक्स लागलाय," प्राचार्य म्हणाले. "पाहुणे येणार. सही काय, एक औपचारिकता आहे."

सर खुर्चीवर बसले नव्हते, उभेच होते. "त्या गाडीत डिंगोरे बसणार आहे," ते म्हणाले.

प्राचार्य खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या नेमणुका आबांच्याच हातात आहेत, एवढं लक्षात असू द्या." आबा म्हणजे अध्यक्ष. आमचे सर इतकी वर्षं शिकवून अजून तासांच्या हिशोबावरच होते, हे मला तेव्हा कळलं. मी बाहेर उभी होते. सरांनी सही केली असती तर मी गाडीत बसले असते, त्यांची नोकरी राहिली असती आणि अण्णांना कधी कळलंही नसतं. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं की त्यांनी करावी. नंतर बाज आठवली.

कार्यक्रमाच्या दिवशी वर्कशॉपसमोर मांडव होता. सरांनी त्याचे खांब हलवून बघितलेच. आबा आले, फेटा, शाल, नारळ झालं. फीत कापायची वेळ आली तसे सर पुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "आबा, फीत कोणीही कापतं. ही चॅसी पास की नापास हे अजून ठरायचंय. ते आपण ठरवा. मला असा भार पाहिजे जो मेसमध्ये जात नाही."

आबांना पूर्ण समजलं असेल असं मला वाटत नाही, पण समोर मोबाइल उभे राहिले होते. "काय करायचं बोला!"

सरांनी बारच्या टोकाला झोपाळ्यासारखी एक फळी टांगलेली होती. आधी मामांच्या मेसमधला गोण्या तोलायचा काटा आणून स्वतः त्यावर उभे राहिले, वजन फळ्यावर लिहिलं आणि फळीवर जाऊन बसले. गेजचा काटा फिरला, मी आकडा वाचला. मग मी बसले. मग मामा बसले, त्यांना यायलाच लागलं. प्रत्येकाचं वजन आणि गेजचा आकडा सरांनी आलेखावर टिंबांनी मांडला. तिन्ही टिंबं एका सरळ रेषेत. सर पहिल्यांदा थोडे हसले.

आबांना काट्यावर चढायला सांगायची हिंमत कोणाला नव्हती. प्राचार्यच म्हणाले, "आबा, आपलं किती?"

"पंच्याहत्तर," आबा म्हणाले, आणि फळीवर बसले. बार करकरला. मी गेज वाचलं, परत वाचलं. सरांनी टिंब दिलं. ते रेषा सोडून पार वर, एकटंच.

सरांनी डायल गेज हलवून बघितलं. फळी हलवून बघितली, त्यावर आबा असतानाच. मग म्हणाले, "आबा, आम्ही तिघं रेषेत आहोत. आपण पंच्याहत्तर असाल तर ही चॅसी खोटं बोलतेय, आणि मग मला हिच्यात पोरगी बसवता येणार नाही. नव्वदच्या वर असाल तर ती खरं बोलतेय."

प्राचार्य घाईने म्हणाले, "गेज जुनं आहे, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी हेल्मेट हातात धरून उभी होते. "ही बसनार का गाडीत?"

"हो," मी म्हणाले.

"कुठली तू?"

"डिंगोऱ्याची."

आबा उतरले. काट्यावर चढण्याआधी त्यांनी शाल काढली. मग फेटा काढला, मोबाइल, किल्ल्या, घड्याळ, आणि शेवटी बूट. प्राचार्यांचे दोन्ही हात भरून गेले. तरी काट्याने ब्याण्णव दाखवलं. सरांनी पंच्याहत्तर खोडून ब्याण्णव लिहिलं. टिंब सरकलं आणि रेषेवर येऊन बसलं.

"म्हंजी गाडीच खरी म्हना की!" आबा म्हणाले, आणि स्वतःच मोठ्याने हसले. मग सगळ्यांना हसायची परवानगी मिळाली.

पण गंमत पुढे आहे. रेषा खरी होती आणि आकडा कमी पडत होता. फ्लेक्सवरच्यापेक्षा तर कितीतरी कमी. चॅसी पुढच्या भागात, माझे पाय जिथे येतात तिथे, जास्त पिळत होती. सरांनी तिथेच, पाहुण्यांसमोर, "नापास," असं म्हटलं आणि प्राचार्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती, त्या थांबवल्या.

जुन्नरने पुढे एक तिरका पाइप वेल्ड केला. परत चाचणी घ्यायची होती. आणि आबा न बोलावता हजर झाले, एखाद्या पैलवानासारखे ताठ. "सर, आज सकाळपास्नं पोटात काय न्हाई. वजन उतरवून आलोय."

सर म्हणाले, "मग उपयोग नाही. मागच्या वेळी बसलात तसेच पाहिजेत. मेसमध्ये जेवून या."

आबा जेवून आले. काट्यावर चढले, मग फळीवर बसले. चॅसी पास झाली. सरांनी आकडा लिहिला, त्याखाली सही केली, आणि अण्णांनी त्या सहीचा फोटो माझ्याकडून फोनवर मागवून घेतला. फ्लेक्सवरच्या आकड्यावर कोणीतरी पांढरा कागद चिकटवला, तो पुढे पावसात गळून पडला आणि भज्यांचा आकडा अजून तिथे आहे. सरांची नेमणूकही पुढच्या वर्षी झाली, तासांच्या हिशोबावरच. आबा आता प्रत्येक भाषणात सांगतात की या गाडीची चाचणी मी जातीने घेतली. वजन मात्र पंच्याहत्तरच सांगतात.

स्पर्धेत आम्ही जिंकलो वगैरे नाही. शेवटच्या लांब फेऱ्यांमध्ये निम्म्या गाड्या बंद पडल्या आणि आमची चालत राहिली, एवढंच. मी गाडी आत घेतली आणि उतरले. सर सकाळपासून उभे होते. आयोजकांनी ठेवलेल्या घडीच्या खुर्च्यांना ते एकदा हलवून आले होते आणि नाराज होऊन परतले होते. आता दमून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि आमच्या गाडीच्या बाजूच्या पाइपावर बसले. एकदम. पूर्ण अंगाने.

मी घाबरून म्हणाले, "सर, हलवून नाही बघितलं?"

"गरज नाही, डिंगोरे," सर म्हणाले. "हिच्यावर आबा बसलेत. जेवून."